दोन बोटांमधली जागा

९ फेब्रुवारी

प्रिय वन्संबाईंस,
एकुलत्या एका वहिनीचा त्रासलेला नमस्कार. वि. वि.

हे फोनवर बोलता येत नाही. फोन बाहेरच्या खोलीत, फोनशेजारी खुर्ची आणि खुर्चीत आई. मी हळू बोलले तर त्या पंखा बंद करतात. म्हणून कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, कापडाच्या थरांवर कागद ठेवून लिहिते आहे. अक्षर वर-खाली होईल, सांभाळून घे. उत्तर मात्र घरी पाठवू नकोस, कारखान्याच्या पत्त्यावर पाठव.

तुझ्या भाचीला, म्हणजे आमच्या भिंगरीला, अकरा महिने झाले. चार दात आलेत, भिंतीला धरून चालते, हाताला लागेल ते ओढते. उजव्या हाताचं मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं अजून तसंच आहे, टोकापर्यंत एका कातडीत. डॉक्टरीणबाईंनी शस्त्रक्रियेसाठी पंधरा एप्रिल दिला होता. त्या म्हणाल्या, दीड वर्षाच्या आत झालेलं बरं, कारण दोन्ही बोटं सारखी वाढत नाहीत आणि मोठं बोट धाकट्याकडे वाकायला लागतं. मी रजेचा अर्जही देऊन बसले. परवा कळलं की तुझ्या दादानं फोन करून तारीख रद्द केली. मला विचारलंसुद्धा नाही. कारण विचारलं तर म्हणाला, आई रडत होती.

आईंचं म्हणणं असं की आठव्या महिन्यापर्यंत मी कारखान्यात कात्री चालवली, म्हणून हे झालं. मी म्हटलं, कात्रीनं बोटं सुटायला हवीत, चिकटली कशी? तर म्हणाल्या, उलट बोलायची तुला पहिल्यापासून खोड आहे. आणि वर, जन्मानं जोडलेलं माणसानं तोडू नये. तीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवलेल्या बाईंना नातीच्या बोटांचं दुःख होणारच, ते मला कळतं. पण शेजारच्या बाई आल्या की त्या भिंगरीच्या उजव्या हाताला रुमाल गुंडाळतात. ते मला बघवत नाही.

तू तिकडे सात वर्षं पेशी कशा मरतात हेच बघत बसली आहेस ना? मग त्या बोटांचं काय झालं ते दोन ओळींत लिही. आईंना वाचून दाखवता येईल अशा भाषेत. तुझ्या आईला तू समजाव, माझं डोकं आता चालत नाही.

लोभ असू दे, आणि राग आला तर तो माझ्यावर नको, योग्य माणसावर काढ.
तुझी वहिनी


१७ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनीस,
साष्टांग नमस्कार. कारखान्यात बसून सासूविरुद्ध पत्र लिहिणाऱ्या बाईला तेवढा मान द्यायलाच हवा.

दोन ओळींत लिही म्हणतेस. माझ्या मार्गदर्शकांना मी दोनशे पानांत सांगते आहे आणि ते अजून पहिल्या आकृतीवर अडलेत. त्यात गेल्या आठवड्यात ज्या पेशींना मारायचं औषध देणार होते त्या शनिवारीच आपणहून मेल्या, आणि ज्यांना दिलं त्या मजेत आहेत. तेव्हा माझ्या ज्ञानाबद्दल फार आदर ठेवू नकोस.

तरी सांगते. पोटात बाळाचा हात आधी वल्ह्यासारखा सपाट असतो. मग बोटांमधल्या जागेतल्या पेशी मरतात आणि बोटं मोकळी होतात. त्यांना कुणी मारत नाही. प्रत्येक पेशीच्या आत काही प्रथिनं अशी असतात की त्यांचं काम दुसरी प्रथिनं कापणं. आम्ही त्यांना प्रोटीएज म्हणतो. तू कात्र्या समज. पेशी जगते तोवर या कात्र्या मिटवून, गाठ मारून ठेवलेल्या असतात. मरायचा निरोप आला की पहिली उघडते, ती दुसरीची गाठ कापते, दुसरी तिसरीची, आणि मग सगळ्या मिळून पेशीचे आतले खांब-दोऱ्या कापत सुटतात. वाटेल तिथे नाही हं, नेमक्या ठरलेल्या जागी. पेशी आक्रसते, तिच्या लहान लहान पुड्या होतात आणि शेजारच्या पेशी त्या गिळून टाकतात. सूज नाही, पू नाही, व्रण नाही. भिंगरीच्या दोन्ही हातांत मिळून अशा आठ जागा. सात ठिकाणी हे झालं, एका ठिकाणी राहिलं. यात तुझ्या कारखान्यातल्या कात्रीचा काही संबंध नाही, आणि हे आईला लाल शाईनं लिहून द्यायला मी तयार आहे.

आता एक विचारते, चिडू नकोस. दादाच्या डाव्या पायाची अंगठ्याशेजारची दोन बोटं अर्ध्यापर्यंत चिकटलेली आहेत. आम्हाला लहानपणापासून सांगितलंय की तो सहा महिन्यांचा असताना गरम पाणी सांडलं, भाजला आणि बोटं चिकटली. मी कधी शंका घेतली नाही. काल तुझं पत्र वाचताना घास हातातच राहिला. भाजल्यावर कातडी कशी दिसते ते तू इस्त्रीवाल्यांच्या हातावर रोज बघतेस. दादाची तशी आहे का बघ: चकचकीत, चुरगळलेली, की साधी? हे घराण्यातून येतं, वहिनी. एकाच्या पायात दिसतं, दुसऱ्याच्या हातात.

कात्रीला धार आणि जिभेला लगाम राहू दे, माझ्यावरची माया आहे तितकी पुरे.
तुझी ननंद


२७ फेब्रुवारी

प्रिय वन्संबाई,
नमस्कार. भिंगरीनं तुझ्या पत्राचं शेवटचं पान चघळलं, पण त्याआधी मी वाचलं होतं.

पहिली गोष्ट, तुझ्या कात्र्या मला पटल्या नाहीत. मी पंधरा वर्षं कापते आहे. कात्री बिघडली तर आठही कॉलर बिघडतात. सात बरोबर आल्या आणि एक तशीच राहिली, तर कात्रीला कुणी बोल लावत नाही. तिथे खडूची खूणच पडलेली नसते. तेव्हा कात्री सोड आणि खूण करणाऱ्याला धर. सात वर्षं शिकून हे लक्षात आलं नाही का?

दुसरी गोष्ट. रविवारी दुपारी तुझा दादा जेवून आडवा झाला, तेव्हा आईंचा वाचायचा चष्मा लावून मी त्याच्या पायाशी बसले. साधी कातडी, वन्सं. वर बारीक लव आहे, खाली तळव्यासारख्या रेषा आहेत. भाजलेल्या जागी लव येत नाही. इतकी वर्षं तो पाय माझ्यासमोर आहे आणि मी कधी नीट पाहिला नाही. गरम पाणी म्हटलं, मी गरम पाणी मानलं.

त्याला गुदगुल्या झाल्या, तो उठला आणि आधी हसला. मी काय बघते आहे ते सांगितल्यावर हसू गेलं. म्हणाला, आईला यातलं एक अक्षर विचारायचं नाही. मी म्हटलं, आईंनी मला वर्षभर विचारलेलं चालतं, मी एकदा विचारलेलं चालत नाही. त्यावर बूट चढवून रविवारचा कुणाची तरी लिफ्ट दुरुस्त करायला निघून गेला. त्यानं सांगितलेल्या इमारतीत लिफ्टच नाही, हे मला माहीत आहे.

आता पुढे काय करायचं ते तूच सांग. माझ्यावर जीव ठेव, निदान पुढच्या तारखेपर्यंत.
वहिनी


५ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तू आणि तुझी वहिनी माझ्या पायावर पत्रव्यवहार करता असं समजलं. कारखान्याच्या पत्त्यावर. मी घरातच राहतो, मला विचारलं असतं तर बूट काढून दाखवला असता.

मी लिफ्टवाला माणूस आहे. लिफ्ट मध्येच अडकली तर आत कोण होतं आणि बटण कुणी दाबलं याची चौकशी मी करत बसत नाही. तुम्ही दोघी चौकशीच करता. आईचं वय बघा. ती रडली म्हणून तारीख रद्द केली हे खरं. पण तेवढंच खरं नाही. एवढ्याशा पोरीला भूल द्यायची, दोन तास टेबलावर ठेवायची, हे डॉक्टरीणबाई बोलत होत्या तेव्हा माझे कान गरम झाले होते. आईनं नको म्हटलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. आता हसा.

आणि रविवारपासून कामावर बूट काढायची वेळ आली की मी कोपऱ्यात जातो. माझ्यामुळे झालं असं म्हणायचं असेल तर सरळ म्हण. शास्त्र मध्ये घालू नकोस.

तब्येत सांभाळ. माझा राग चार दिवसांचा असतो हे तुला माहीत आहेच.
दादा


१२ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बटण कुणी दाबलं हे बघत नाहीस, उत्तम. मग माणूस आधी बाहेर काढतोस ना? आत तुझी मुलगी आहे. तिची तारीख तू रद्द केलीस. हे लिहिताना माझं पेन दोनदा कागदातून आरपार गेलं.

तुझ्याकडून तिला आलं असेल. तुझ्यामुळे झालं असं या पत्रव्यवहारात कुणीही म्हटलेलं नाही, आणि म्हणालास तर मी येऊन कान धरीन. केसांचा रंग देताना तू कुठे विचारून दिलास? हे आई किंवा वडिलांपैकी एकाकडे असलं की प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी. तुला मिळालं, मला नाही. मी काल स्नानगृहात दहाही बोटं मोजली.

वहिनीला सांग, तिचं बरोबर आहे. काही जणांनी उंदरांत या मुख्य कात्र्यांपैकी एखादी काढूनच टाकली, तरी त्यांची बोटं बहुतेक सुटली. उशिरा सुटली, पेशी दुसऱ्या वाटेनं मेल्या, पण सुटली. म्हणजे कात्री एकटी काही ठरवत नाही, निरोप कुठे पोचतो ते ठरवतं. मला हे ठाऊक होतं, आणि सोपं करून सांगायच्या नादात मी अर्धवट सांगितलं. माझी चूक कॉलर कापणाऱ्या बाईनं पकडली. हे आमच्या मार्गदर्शकांना कळलं तर ते तिला माझ्या जागी घेतील.

भुलेची भीती वाटते हे लिहिलंस, बरं केलंस. तेच जाऊन डॉक्टरीणबाईंना विचार, ते त्यांचं रोजचं काम आहे. आणि आईला मी वेगळं पत्र टाकलंय. एकच ओळ आहे: गरम पाणी कुठल्या घरात सांडलं?

चार दिवस संपले असतील तर माया पूर्ववत सुरू कर.
धाकटी


२९ मार्च

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.
संदर्भ: तुझे दिनांक १२ मार्चचे एका ओळीचे पत्र.

१. गरम पाणी कुठेच सांडले नाही.

२. मशीन जुने झाले आहे, 'र' उमटत नाही, तो हाताने भरला आहे. हाताने सगळे पत्र लिहायला घेतले होते, परंतु हात थरथरतो. टाईप करताना थरथरत नाही.

३. तुझा दादा झाला त्या वेळी मी एका कचेरीत टायपिस्ट होते. नववा महिना लागेपर्यंत जात होते. बाळाचा पाय पाहून तुझ्या आजी म्हणाल्या, दिवसभर त्या मशीनची खडखड पोटाला लागली, म्हणून असे झाले. जो भेटायला येईल त्याला त्या पाय उघडून दाखवीत आणि मग माझ्याकडे पाहत. नोकरी सुटली. तुझे बाबा समोर बसून वर्तमानपत्र वाचत. तुझ्या बाबांच्या डाव्या पायाची तीच दोन बोटे तशीच होती. मला लग्नानंतर आठच दिवसांत दिसली होती. आजींनी तर तो पाय लहानपणी धुतलेला होता. दोघांनाही माहीत होते. दोघेही काही बोलले नाहीत, आणि मीही त्यांचे नाव घेतले नाही, कारण तसे करायचे नसते असे मला वाटे.

४. पुढे बदली झाली. नव्या गावात पहिल्याच शेजारणीने बाळाच्या पायाला काय झाले म्हणून विचारले, तेव्हा गरम पाणी माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडले. पाणी सांडणारी बाई वेंधळी ठरते, अपशकुनी ठरत नाही. मला ते परवडण्यासारखे होते. मग तू झालीस, तू तीन वर्षांची असताना तुझे बाबा गेले, आणि पाणी तसेच राहिले.

५. सुनेला मी जे बोलले ते बोलताना मला माझ्या सासूचा आवाज ऐकू येत होता. तरी थांबले नाही. मुलाशी जन्मभर खोटे बोलले हे उघडे पडू नये, यासाठी सून सोयीची होती. शस्त्रक्रियेला नको म्हटले तेही त्यासाठीच. घराण्यात आणखी कोणाला आहे काय, असे डॉक्टर विचारतात, हे मला ठाऊक आहे.

६. वरील मजकूर सुनेला तू कळवू नयेस. मी सांगेन. मला घाई करू नये.

७. तू एका ओळीचे पत्र लिहिलेस. आईला कोणी असे लिहीत नाही.

आशीर्वाद आहेतच, तुझ्या वागण्यावर ते अवलंबून नाहीत.
आई


२४ ऑगस्ट

प्रिय वन्संबाई,
नमस्कार. सहा महिने पत्र नाही म्हणून तू रागावलीस, तुझा दादा सांगत होता. रागाव. माझे दोन्ही हात भरलेले होते.

आईंनी सांगितलं ते कुठे, विचार. कारखान्याच्या फाटकावर. एप्रिलमध्ये एक दिवस जेवणाच्या सुट्टीत भिंगरीला कडेवर घेऊन आल्या, आजवर कधी आल्या नव्हत्या. उन्हात उभ्या राहून, मजकूर सांगावा तशा चार-पाच वाक्यांत सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, मी चुकीचं बोलले. मग भिंगरीला माझ्याकडे देऊन रुमालानं चष्मा पुसत राहिल्या. माझ्या बरोबरीच्या बायका डबा खायच्या थांबल्या होत्या.

मी लगेच माफ केलं असं कुणी समजू नये. नऊ दिवस मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. वर्षभर रोज रात्री मी आठवत होते की कुठल्या महिन्यात काय उचललं, कधी वाकले, किती वेळ उभी राहिले. ते वर्ष मला कोण परत देणार? हे मी त्यांना तसंच म्हटलं. त्या म्हणाल्या, कुणी देत नाही, मला माहीत आहे. दहाव्या दिवशी माझाच राग दमला.

नवी तारीख सहा ऑगस्टची मिळाली. आधीच्या तपासणीला आम्ही तिघंही गेलो. डॉक्टरीणबाईंनी घराण्यातलं विचारलं, मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाल्या, माझ्या नवऱ्याला होतं, माझ्या मुलाला आहे, हिच्या माहेरकडून काही नाही, तसं लिहून घ्या. लिहून होईपर्यंत कागदाकडे बघत राहिल्या. आणि तुझ्या दादानं, कुणी सांगितलेलं नसताना, बूट-मोजा काढून पाय खुर्चीवर ठेवला. डॉक्टरीणबाईंनी बघितला आणि सुटी करून हवी आहेत का असं विचारलं. तो म्हणाला, चाळीस मजल्यांच्या शिड्या चढलोय या पायानं, राहू द्या. मग भुलेबद्दल एकूण अकरा प्रश्न विचारले. मी मोजले. बाईंनी अकराचीही उत्तरं दिली. मी त्यांच्या जागी असते तर पाचव्यालाच हाकललं असतं.

शस्त्रक्रियेआधी त्यांनी भिंगरीच्या बोटांवर पेनानं नागमोडी रेघा काढल्या. सरळ कापलं तर भरताना व्रण आखडतो आणि बोट वाकतं, म्हणून असं कापून एकात एक बसवायचं. कमी पडेल तिथे मांडीच्या वरून कातडीचं ठिगळ. मला आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरांचं बोलणं न विचारता समजलं. बाहेरच्या बाकावर दोन तास पस्तीस मिनिटं बसलो. तुझा दादा लिफ्टमध्ये चढ-उतर करत होता. म्हणाला, आवाज करते आहे, ऐकतोय.

परवा पट्टी सोडली. कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर होतं, कारण ही पोरगी काहीही ओढून काढते. बोटं दोन आहेत, वन्सं. जांभळट, बारीक, सालपटं निघालेली. दिसायला भयंकर आहेत. मला हुंदका येईल असं वाटलं होतं, पण मी आधी टाके बघितले. छान घातले होते. भिंगरीला काही पत्ताच नाही. तिनं तो हात सरळ दुधाच्या पेल्यात बुडवला, आणि टाके अजून ओले करायचे नाहीत म्हणून आम्ही तिघंही एकदम ओरडलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाढीबरोबर मधली कातडी थोडी वर सरकेल, सात-आठ वर्षांची झाली की कदाचित परत करावं लागेल. म्हणजे हे एवढ्यावर संपत नाही. कुठलीच गोष्ट एकदा करून संपत का नाही?

माझ्यावरचा राग संपला असेल तर चार ओळी लिही.
वहिनी


४ सप्टेंबर

ती. सौ. वहिनीस,
साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मी शीतखोलीत वाचलं. उणे वीस नव्हे, चार अंशांची. पण तिथे कुणी येत नाही आणि नाक लाल झालं तर थंडीवर ढकलता येतं.

माझ्या पेशी अखेर मरायला लागल्या आहेत. औषध दिल्यावर, ठरलेल्या तासांनी, ठरलेल्या क्रमानं. औषधाची जुनी बाटलीच खराब होती, दुसरं काही नाही. दीड वर्ष मी एका बाटलीशी भांडत होते. मार्गदर्शक म्हणाले, आधी बाटली का नाही तपासली. हे त्यांनी दीड वर्षानं सांगितलं.

एक सांगू? बाबांचं मला काही आठवत नाही. फोटोत ते नेहमी बूट घालून उभे. लहानपणी कुणी त्यांच्याबद्दल विचारलं की मी बनवून सांगायचे, ते गायचे, ते मला खांद्यावर घ्यायचे. आता त्यांच्याबद्दल एक गोष्ट नक्की कळली, आणि ती ही, की आई बोलणी खात होती तेव्हा ते वर्तमानपत्र वाचत होते. मेलेल्या माणसावर चिडण्याची सोय नाही, तरी मी चिडले आहे. दादाला हे वाचून दाखव. त्यानं त्या खोलीत बूट काढला, हे मला फार बरं वाटलं, आणि हे मी त्याला तोंडावर कधी सांगणार नाही.

भिंगरीच्या दहाही बोटांना एकेक पापा. बाकी तू आणि मी, आहोतच.
ननंद


१९ जानेवारी

प्रिय वन्संबाई,
नमस्कार. आईंनी आत्ताच तुला फोनवर कळवायचं ठरवलं होतं, मी त्यांना हे पत्र पोचेपर्यंत थांबवलं आहे. बातमी माझी आहे, मीच देणार.

मला दिवस गेलेत. बारावा आठवडा. ठरवून नाही, पण नकोही नाही. आणि तू विचारायच्या आत सांगते, निम्मी शक्यता मला माहीत आहे, तूच लिहिली होतीस. तुझ्या दादानं लग्गेच विचारलं की आत्ता काही करता येतं का. मी तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, करण्यासारखं काही नाही, आणि बोटांमधली जागा आठव्या ते दहाव्या आठवड्यात मोकळी होते. म्हणजे आमची होऊन गेली, वन्सं. जे सुटायचं ते सुटलं, जे राहायचं ते राहिलं. तुझ्या त्या कात्र्या उघडल्या, पेशी मेल्या, शेजारणींनी त्या गिळल्या, आणि मला पत्तासुद्धा लागला नाही.

घरी येऊन मी कॅलेंडर काढलं आणि त्या आठवड्यांत मी काय करत होते ते बघितलं. तीन दिवस सर्दी. एक दिवस मोरीतल्या गळक्या नळावरून तुझ्या दादाशी भांडण. अख्ख्या शहराच्या लिफ्टा दुरुस्त करतो आणि घरचा नळ त्याला दिसत नाही. बाकीचे दिवस कापणं. त्यात कुठलाच दिवस वेगळा नव्हता.

हे आईंना वाचून दाखवलं. मला वाटलं आता रडतील, आणि मग मला त्यांची समजूत काढावी लागेल, आणि माझ्या अंगात तेवढं त्राण नव्हतं. पण त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि विचारलं, नळ दुरुस्त झाला का.

झालेला नाही. लोभ आहे तसाच ठेव, आणि नळाचं तुझ्या दादाला तूच लिही.
वहिनी